काळ्या वायरींचे पिलणकर

पिलणकरांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे, आणि त्यांनी सारा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये काढला. हे एक वाक्य लिहायला मला ते गेल्यानंतर सहा महिने लागले. ते असते तर लिहिलंच नसतं, कारण मी तसा शब्द दिला होता. तो आज मोडते आहे याचं मला वाईट वाटतं. पण लांज्यात एक माणूस आहे, त्याचा पिलणकरांबद्दल एक चुकीचा समज झालेला आहे, आणि तो माझ्यामुळे झालेला आहे. तो तसाच ठेवून मला मरायचं नाही. माझंही वय आता फार लांबणीवर टाकण्यासारखं राहिलेलं नाही.

पिलणकर रत्नागिरीतल्या मांडवीचे. तरुणपणी एस.टी.च्या डेपोत वर्कशॉपला होते, पुढे घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. खाकी पँट, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि लोक खिशाला पेन लावतात तिथे दहा नंबरचा पाना. बॅटरीचं टोक त्या पान्याने सुटतं. तो पाना ते लग्नकार्यालासुद्धा घेऊन जात. कुणी हसलं तर म्हणत, आग लागल्यावर पाना शोधायला वेळ नसतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या आयुष्यात तोपर्यंत एकदाही आग लागलेली नव्हती.

काम सुरू करायच्या आधी ते मनगटावरचं घड्याळ काढत आणि गाडीच्या मालकाच्या हातात देत. घड्याळाचा पट्टा धातूचा, तो वायरीला टेकला तर ठिणगी पडते, हे खरं कारण. पण घड्याळ खिशात ठेवता आलं असतं, बाकड्यावर ठेवता आलं असतं. ते मालकाच्याच हातात देत. मग मालक अडकला. दुसऱ्याचं घड्याळ हातात घेऊन माणूस कुठे जाणार? गावातल्या एका मोठ्या डॉक्टरांना त्यांनी असं अडीच तास बसवलं होतं. डॉक्टर म्हणाले, अहो माझे पेशंट खोळंबलेत, जरा आटपा. पिलणकर गाडीखालूनच म्हणाले, "घाई असेल तर रिक्षा करा." डॉक्टरांनी खरोखर रिक्षा केली, आणि संध्याकाळी ते घड्याळ परत द्यायला स्वतः मांडवीला आले. घड्याळ पुन्हा मनगटावर चढलं की काम संपलं असं समजायचं. त्याआधी काही विचारलं तर उत्तर मिळत नसे.

दुसरी गोष्ट त्यांच्या वायरींची. पिलणकरांनी हात लावलेली गाडी उघडली की आत सगळ्या वायरी काळ्या. एक लाल नाही, एक पिवळी नाही. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना जुन्या धोतराची पांढरी चिंधी बांधलेली, आणि चिंधीवर शाईने गावाचं नाव. पुढचे मोठे दिवे म्हणजे लांजा. हॉर्न म्हणजे मांडवी, कारण आमच्या मांडवीत आवाज जास्त, असं ते स्वतःच सांगत. ब्रेक दाबल्यावर मागे लागणारे दिवे म्हणजे हेदवी. का, तर ती वायर सगळ्यात लांब जाते आणि सगळ्यात शेवटी पोचते. डेपोत असताना हेदवीची गाडी तशीच होती म्हणे. काम झालं की ते गाडीच्या मागे उभे राहत, मालकाला ब्रेक दाबायला सांगत, आणि दिवा लागला की हात वर करून म्हणत, "हेदवी पोचली."

दुसरे इलेक्ट्रिशियन वैतागत. पिलणकरांची गाडी त्यांच्याकडे गेली तर त्यांना काही उमगत नसे. चिकट माणूस आहे, काळ्या वायरीचं एकच भेंडोळं आणतो आणि तेच सगळीकडे वापरतो, असं बोललं जाई. माझ्या वडिलांनी एकदा सरळ विचारलं होतं. पिलणकर शांतपणे म्हणाले, काळी वायर खाऱ्या हवेला टिकते. ही शुद्ध थाप. पण त्यांनी ती इतक्या गंभीरपणे मारली की रत्नागिरीतले दोनतीन इलेक्ट्रिशियन ती आजही गिऱ्हाइकांना ऐकवतात. मी स्वतः वर्गात मुलांना सांगितलेली आहे. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. तेहतीस वर्षं रंग शिकवले, आणि त्यातली निदान वीस वर्षं ज्याला रंग दिसत नाहीत असा माणूस आमच्या घरी येऊन जाऊन होता. माझ्या लक्षात आलं नाही. मला हुशार म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खुणा काय थोड्या होत्या? आंब्याच्या दिवसांत आम्ही पेटी दिली की ते एकेक आंबा देठाशी हुंगत, अंगठ्याने अलगद दाबत आणि मगच बाजूला ठेवत. रंग बघून आंबा निवडणाऱ्याला ते हसत. म्हणत, रंगावर गेला तो फसला. मला वाटे, काय पारखी माणूस आहे.

आता गाडीचं सांगते. गाडी वडिलांची. कुठली ते सांगत नाही, पण गोल दिवे आणि स्टिअरिंगखाली गिअर म्हटलं की जुन्या माणसांना कळेल. वडील गेल्यावर भावाला नको होती, मला हवी होती. मी लग्न केलं नाही, गाडी सांभाळली, असं नातेवाईक म्हणतात. म्हणोत. तीन वर्षांपूर्वी पावसाळाभर ती शेडमध्ये उभी राहिली आणि उंदरांनी आतलं वायरिंग कुरतडून खाल्लं. पिलणकर येऊन बघून गेले. सगळं नव्याने करावं लागेल म्हणाले. तेव्हा ते पंच्याहत्तरीला आलेले. जिना चढताना कठड्याला धरत होते.

मला त्यांची दया आली, आणि तिथेच चुकलं. म्हटलं, म्हाताऱ्याने कुठे फळीवर खिळे ठोकून त्यांच्याभोवती एकेक वायर ताणून मापत बसायचं. फोनवर शोधलं तर ह्याच गाडीचा वायरिंगचा तयार सेट मिळत होता. सगळ्या वायरी मापाने कापलेल्या, टोकं बसवलेली, रंगीत, सोबत नकाशा. मी मागवला. पिलणकरांना न विचारता मागवला, त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता ना मला.

खोकं आलं तेव्हा त्यांना बोलावून पडवीत उघडलं. बावीस रंगांच्या आणि रेघांच्या वायरींचा तो झुबका त्यांच्यापुढे पसरला. नकाशावर आकडे नव्हते, गावं तर नव्हतीच, नुसती रंगांची नावं. लाल, लाल-काळी रेघ, हिरवी, तपकिरी, हिरवी-तपकिरी. मी म्हटलं, बघा, तुमचे कष्ट वाचवले. त्यांनी एक वायर बोटांत धरून चोळली, दुसरी चोळली. "सगळ्या एकाच जाडीच्या हायत," एवढंच म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

मग आजचं उद्यावर. कंबर धरली, पाहुणे आले, अमावास्या आहे. दीड महिना गेला. मला राग चटकन येतो, हे माझ्या विद्यार्थिनी सांगतील. एका सकाळी तडक मांडवीला गेले आणि त्यांच्या शेडमध्ये उभं राहून नाही नाही ते बोलले. जमत नसेल तर स्पष्ट सांगा, दुसरा माणूस बघते, म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर गाडी किती दिवस उघडी ठेवू, असंसुद्धा म्हटलं. पिलणकर बाकड्यावर बसून होते. खिशातला पाना काढून त्यांनी मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "बाई, त्यातली लाल कुठची नि हिरवी कुठची, ते मला दिसत नाय. कधीच दिसलेलं नाय."

मी खाली बसले. शेडमध्ये टायर होता, त्यावर बसले.

त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणी त्यांना एस.टी.चा ड्रायव्हर व्हायचं होतं. गाडी चालवण्याची परीक्षा पास झाले, पण डोळे तपासताना डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. पिलणकरांना पहिलं पान सोडून पुढे एकाही पानावर आकडा दिसला नाही. त्यांना वाटलं, पुढचं पुस्तक कोरंच आहे आणि आपली गंमत चालली आहे. ते हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्या दिवशी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांना कळलं की इतरांना काहीतरी दिसतं जे आपल्याला दिसत नाही. ड्रायव्हरी गेली. पुढे वर्कशॉपला हेल्पर घेत होते, तिथे डोळे तपासत नव्हते. योगायोगाने ज्याच्या हाताखाली लागले तो इलेक्ट्रिशियन. "ड्रायव्हर नाय झालो, तर ड्रायव्हरांचे दिवे लावले," म्हणाले. वायरींचे रंग ओळखता येईनात म्हणून चिंध्या बांधायला लागले. आकडे विसरतो, गावं विसरत नाही, म्हणून गावं. बायकोला ठाऊक होतं, ती वारली. तिच्यानंतर हे ऐकणारी मीच.

"मला अजून एक गाडी करायची हाय, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नि मग पाना खाली ठेवायचा," ते म्हणाले. "लोक म्हणतील, पिलणकरांनी शेवटची गाडी पण नीट केली. एवढंच म्हणायला हवंय. आंधळ्याने वायरिंग केलं असं म्हणायला नको."

मी शब्द दिला, कुणाला सांगणार नाही. आणि म्हटलं, तुमचे डोळे मी होईन. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आत्ता आठवलं तरी कान गरम होतात.

त्यांनी विचारलं होतं, सेट परत पाठवून आपली काळी वायर आणू का. मीच नको म्हटलं. आणलेली वस्तू वाया कशी घालवायची, हा आमच्या घरातला जुना रोग. शिवाय चित्रकलेच्या बाईला बावीस रंग म्हणजे काय मोठंसं.

चैत्रात काम सुरू झालं. दुपारी जेवण झालं की ते यायचे, घड्याळ माझ्या हातात द्यायचे आणि गाडीत शिरायचे. मी पुढच्या सीटवर वाकून, टॉर्च धरून. ते वायर उचलून विचारत, ही? मी सांगे, हिरवी. ते नकाशावरचं नाव माझ्याकडून वाचून घेत आणि चिंधी बांधत. एकदा चिंधी बांधली की त्यांना माझी गरज उरत नसे. रंग माझा, गाव त्यांचं. अठरा दिवस असे गेले. त्यांच्या गुडघ्यांना वाकवत नव्हतं, माझी मान भरून येई. दोघांच्या कण्हण्याचा आवाज ऐकून शेजारीण विचारायला आली होती, सगळं बरं आहे ना.

एकोणिसाव्या दिवशी उकाडा फार होता आणि मी कंटाळले होते. खरं कारण तेवढंच, दुसरं नाही. डॅशबोर्डखालच्या डाव्या कोपऱ्यातून त्यांनी एक वायर पुढे केली आणि विचारलं, ही? मी म्हटलं, लाल. नुसती लाल? नुसती लाल. "रेघ नाय ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. लाल त्यांना काळपट दिसे, त्यावरची काळी रेघ दिसत नसे. मी फिस्कारले. म्हटलं, पिलणकर, मी तेहतीस वर्षं रंग शिकवलेत. त्यांनी चिंधी बांधली.

त्यांची पद्धत अशी की वायरिंग झालं की गाडी लांज्याला नेऊन आणायची. पालीच्या पुढे रस्ता अंग हलवून काढतो, काही सुटायचं असेल तर तिथे सुटतं. लांज्यात चहा घ्यायचा, परत यायचं, मग घड्याळ चढवायचं. आम्ही दुपारी निघालो. दिवसाढवळ्या दिवे लावून, कारण तशी परीक्षा. पिलणकर बाजूच्या सीटवर ताठ बसले होते, हातखंब्याला वळल्यावर त्यांनी हळू आवाजात काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

लांज्याच्या स्टँडसमोर गाडी लावता लावता डाव्या कोपऱ्यातून धूर आला. आधी वास, मग धूर. मी स्टिअरिंग धरूनच बसले. पिलणकर उतरले, बॉनेट उघडलं, खिशातला पाना काढला आणि बॅटरीचं टोक सोडवलं. फार तर दहा सेकंद लागले असतील. मग ते बॉनेटला धरून उभे राहिले. भोवती माणसं जमली. समोर एका बॅटरीवाल्याचं दुकान होतं. तो चाळिशीचा माणूस धावत आला, कारण तो पूर्वी पिलणकरांच्याच हाताखाली शिकला होता. काका तुम्ही, म्हणून त्याने त्यांच्या पायांना हात लावला आणि गाडीत शिरला.

थोड्या वेळाने तो बाहेर आला, हातात जळकी वायर. तिच्या न जळलेल्या भागावर, खालच्या अंगाला, केसाएवढी बारीक काळी रेघ होती. मी वरून बघितलं होतं, वायर उलटून बघितली नव्हती. नुसती लाल समजून, फ्यूजमधून जायची वायर थेट बॅटरीवर जोडली गेली होती. कुठेतरी पत्र्याला घासली, फ्यूज मध्ये नव्हता, ती जळत गेली. वायरीत वीज आहे का ते बघायचा टेस्ट लॅम्प दोन्हींवर सारखाच पेटतो, त्यामुळे तपासूनही सापडली नव्हती.

"काका, ही रेघेची वायर," तो म्हणाला. "रंग तरी बघायचा होतात."

मला वाटलं, पिलणकर माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. "चुकलं माझं," ते म्हणाले. "म्हातारा झालो."

तो बॅटरीवाला वाईट माणूस नव्हता. तो चेष्टा करून गेला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्याने बाजूच्या माणसाला हळूच, कळवळून सांगितलं, काकांनी आता घरी बसावं. आणि मी तिथे उभी होते. मला म्हणता आलं असतं की वायर मी बघितली, चूक माझी आहे. पण मग पुढचा प्रश्न आला असता, यांनी का नाही बघितली? म्हणून मी गप्प बसले, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की चारचौघांत चूक कबूल करायची मला लाज वाटली.

त्या माणसाने ती वायर सोडवून बाजूला केली आणि आम्ही चहा न घेता परत फिरलो. पाली आली. मग मी म्हटलं, मी उद्या जाऊन त्याला सांगते. पिलणकर म्हणाले, "नको. म्हातारपण सगळ्यांना येतं, बाई. त्याची लाज नाय. त्याला तेवढंच वाटू दे." मी म्हटलं, पण तुमची शेवटची गाडी होती. घड्याळ माझ्याच पर्समध्ये होतं, त्यांनी मागितलं नाही. घरी पोचल्यावर मी ते कपाटात ठेवलं.

पावसाळा गेला. मी दोनदा मांडवीला गेले, दोन्हीदा ते झोपलेले होते, की झोपलेले आहेत असं घरातून सांगितलं गेलं. दिवाळीनंतर एका सकाळी दारात रिक्षा थांबली. पिलणकर उतरले, मागून काळ्या वायरीचं भेंडोळं आणि खिळे ठोकलेली फळी उतरली. आल्या आल्या त्यांनी तो रंगीत झुबका गाडीतून मुळासकट ओढून काढला आणि मला म्हणाले, हा न्या, पोरींना चित्रं काढायला द्या. मी कपाटातून घड्याळ आणलं आणि धरून बसले.

महिना लागला. दिवसाला दोन तास काम, मग ते पडवीतल्या खुर्चीत टेकत. मला त्यांनी एकच काम दिलं, चिंध्यांवर गावांची नावं लिहायचं. त्यांचा हात कापत होता. वळणदार अक्षरात लिहीन म्हटलं तर म्हणाले, बोर्ड आहे तो एस.टी.चा, लांबून वाचता आला पाहिजे. रंगाचा विषय दोघांनीही काढला नाही. काळ्या वायरी ते डोळे मिटून जोडत होते. एकदा मी बघितलं, खरोखरच मिटलेले होते.

शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं आणि मनगटावर चढवलं. पट्टा सैल झाला होता, कोपराकडे घसरत होता. मी म्हटलं, अजून लांज्याला जायचंय ना? ते म्हणाले, लांज्याला नको, मी दमलो. तुम्ही मारुती मंदिरापर्यंत जाऊन या, मी इथून बघतो आणि रिक्षाने घरी जातो. त्यानंतर ते शेडमध्ये गेले नाहीत. पुढल्या मार्गशीर्षात गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

पण त्या दिवशी मी गाडी सुरू केली आणि ते मागे जाऊन उभे राहिले. मी ब्रेक दाबला. आरशात ते दिसत होते, हात वर, तोंड हललं ते हेदवीच म्हणाले असणार. मी निघाले. आमची गल्ली सरळ आहे, दीडशे पावलांची, मध्ये काही थांबण्यासारखं नाही. टोकाला पोचल्यावर आरशात बघितलं तर ते अजून तिथेच उभे होते, एका हाताने फाटकाला धरून. पुढे रस्ता मोकळा होता. मी उगाचच ब्रेक दाबला. फाटकाजवळ त्यांचा हात पुन्हा वर गेला.